फाइल सिस्टिममधील कॉपी-ऑन-राइट : डीबग पर्याय कसे आखावेत?

जुहू ते अंधेरी पश्चिम या पट्ट्यात सिनेमा, मालिका आणि जाहिरातींच्या एडिटिंग रूम जागोजागी आहेत. दिवसभराचे शूटिंग संपले की कॅमेऱ्याची कार्डे रिकामी करायची, फुटेज डिस्कवर चढवायचे आणि कार्डे पुसून दुसऱ्या दिवसासाठी तयार ठेवायची, हा तिथला नित्यक्रम. अशा ठिकाणी शंभर गिगाबाइटच्या फाइलची कामापुरती वेगळी प्रत हवी असेल आणि फाइल सिस्टिमला कॉपी-ऑन-राइट येत असेल, तर प्रत क्षणात तयार होते. डेटा हलतच नाही. दोन्ही फाइली त्याच ब्लॉककडे बोट दाखवतात. पुढे प्रतीतले चार किलोबाइट बदलले की तेवढ्यापुरती नवी जागा घेतली जाते, बदल तिथे लिहिला जातो आणि मूळ फाइल होती तशीच राहते.

सगळी भिस्त या शेवटच्या वचनावर आहे. फाइल सिस्टिमने ‘हा ब्लॉक सामायिक नाही’ असा चुकीचा निष्कर्ष काढला, तर प्रतीतला बदल मूळ फाइलवरच चढतो. त्या वेळी एरर येत नाही, मशीन बंद पडत नाही. काही आठवड्यांनी कोणीतरी मूळ फुटेज उघडते आणि मधल्या काही फ्रेम बिघडलेल्या दिसतात. तोवर कार्ड कधीच पुसलेले असते. स्नॅपशॉटच्या भरवशावर बॅकअप घेणाऱ्या प्रत्येक कार्यालयाची हीच गत होऊ शकते. म्हणून कॉपी-ऑन-राइटच्या कोडला ताणून, छळून, पुन्हापुन्हा चालवून पाहण्याची सोय कोडबरोबरच आखली पाहिजे. कोड लिहून झाल्यावर वेळ उरला तर बघू, असे म्हणून ते होत नाही.

हा लेख ती सोय आखणाऱ्यांसाठी आहे. जुहू तारा रोडवर एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या आवारातल्या उषा मित्तल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत किंवा जेव्हीपीडी योजनेतल्या द्वारकादास संघवी अभियांत्रिकी महाविद्यालयात ऑपरेटिंग सिस्टिमचा प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांना तो उपयोगी पडावा, तसाच पुण्यात स्टोरेजच्या क्षेत्रात नोकरी करणाऱ्यांनाही. ज्या व्हेरिटासच्या फाइल सिस्टिममध्ये ‘स्टोरेज चेकपॉइंट’ नावाची कॉपी-ऑन-राइट सोय आहे, त्या कंपनीचे मोठे विकास केंद्र पुण्यात होते. तेव्हा हा विषय महाराष्ट्राला परका नाही. उदाहरणे मात्र मी मुख्यतः लिनक्समधल्या एक्सएफएसची घेतो आहे. त्याचा कोड खुला आहे आणि या प्रश्नाचे तिथले उत्तर मला सर्वांत नेटके वाटते.

आधी दोष कुठे दडतात ते ओळखा

पर्याय आखायला बसण्यापूर्वी एका साध्या लेखनाचा प्रवास कागदावर काढा. सामायिक फाइलमधले चार किलोबाइट बदलायचे आहेत असे धरू. एक्सएफएसमध्ये साधारण असे घडते.

पहिला टप्पा निर्णयाचा. ज्या जागी लिहायचे आहे तो ब्लॉक आणखी कोणाचा आहे का, हे रेफकाउंटच्या नोंदींतून पाहिले जाते. रेफकाउंट म्हणजे ब्लॉकचे वाटेकरी किती याचा हिशेब. वाटेकरी असतील तर जुन्या जागी लिहायचे नाही.

दुसरा टप्पा जागेचा. नवी जागा राखली जाते, आणि ती फाइलच्या मुख्य नकाशात न टाकता ‘काऊ फोर्क’ (काऊ हे कॉपी-ऑन-राइटचे लघुरूप) नावाच्या वेगळ्या नकाशात ठेवली जाते. इथे एक बारकावा आहे. तुकडे फार पडू नयेत म्हणून एक्सएफएस मूळ ठरावाप्रमाणे एकदम ३२ ब्लॉकच्या हिशेबाने जागा मागते. ब्लॉक चार किलोबाइटचा असेल तर हे १२८ किलोबाइट होतात. म्हणजे चार किलोबाइटच्या बदलामागे बरीच जास्तीची जागा तात्पुरती अडकून राहू शकते.

तिसरा टप्पा बदलीचा. डेटा नव्या जागी लिहून झाल्यावरच मुख्य नकाशातली जुनी नोंद निघते, नवी नोंद बसते आणि जुन्या ब्लॉकचा एक वाटेकरी कमी होतो. या तिन्ही गोष्टी क्रॅश झाला तरी एकत्रच झाल्या पाहिजेत, किंवा एकही होता कामा नये.

चौथा टप्पा आवराआवरीचा. राखलेली पण न वापरलेली जागा परत करायची. मध्येच वीज गेली तर काय? एक्सएफएस अशा राखीव तुकड्यांची नोंद रेफकाउंटच्या झाडात डिस्कवरच ठेवते, आणि पुढच्या माउंटच्या वेळी बेवारस तुकडे शोधून मोकळे करते.

आता या चार टप्प्यांसमोर तुमच्या फाइल सिस्टिममधल्या कोडची नावे लिहा. कोणता टप्पा रोज हजारदा चालतो आणि कोणता महिन्यात एकदा, तेही लिहा. जो क्वचित चालतो तिथेच दोष वर्षानुवर्षे दडून राहतात. डीबग पर्यायाचे खरे काम एवढेच, की क्वचित चालणारी वाट मुद्दाम रोजची करायची. उंच इमारतीत आगीची मॉक ड्रिल घेतात ती याच कारणाने: एरवी कोणी न वापरलेला जिना नेमक्या वेळी कुलूपबंद निघू नये. नवशिके पुष्कळदा लॉगमध्ये आणखी ओळी छापण्याला डीबग पर्याय म्हणतात. छापील ओळी घडलेले सांगतात. जे घडतच नाही ते त्यांच्यामुळे घडत नाही.

पहिला पर्याय : प्रत्येक लेखन नव्या जागी

रोजच्या वापरात बहुतेक फाइलींचे ब्लॉक सामायिक नसतात. त्यामुळे शेकडो चाचण्या चालवल्या तरी कॉपी-ऑन-राइटच्या कोडला त्यांतल्या थोड्याच स्पर्श करतात. यावर एक्सएफएसच्या विकासकांनी काढलेला तोडगा म्हणजे ‘ऑलवेज काऊ’. ख्रिस्तोफ हेल्विग यांनी लिहिलेला हा बदल २०१९ साली लिनक्सच्या ५.१ आवृत्तीत आला. हा पर्याय चालू असताना एक्सएफएस फाइलचा डेटा जुन्या जागी कधीच लिहीत नाही. ब्लॉक सामायिक असो वा नसो, प्रत्येक लेखन काऊ फोर्कमधून जाते. एका बटणाने सगळ्या जुन्या चाचण्या कॉपी-ऑन-राइटच्या चाचण्या होऊन जातात. नवी चाचणी एकही लिहावी लागत नाही.

या बदलाची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे, कारण तिच्यातला प्रत्येक निर्णय तुम्हालाही घ्यावा लागेल.

एक, निर्णय एकाच ठिकाणी आहे. ‘या फाइलला कॉपी-ऑन-राइट लागू आहे का?’ हे विचारणारे एक छोटे फंक्शन आहे. त्याचे उत्तर दोन कारणांनी ‘हो’ येते: फाइलवर सामायिक असल्याची खूण असेल तर, किंवा माउंटवर ‘ऑलवेज काऊ’ चालू असेल तर. बाकीचा कोड या फंक्शनलाच विचारतो. तुमच्या कोडमध्ये हीच तपासणी दहा जागी हाताने लिहिलेली असेल, तर आधी ती एका फंक्शनमध्ये आणा. एवढ्या साफसफाईतच एखादी विसरलेली जागा हाती लागते. बटण नंतर बसवा.

दोन, पर्याय फक्त डीबग बांधणीत दिसतो. कर्नल बांधताना एक्सएफएसचा डीबग पर्याय निवडला असेल तरच सिसएफएसमध्ये, म्हणजे कर्नलची बटणे फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या जागी, त्याची फाइल तयार होते. ग्राहकाच्या सर्व्हरवरच्या नेहमीच्या कर्नलमध्ये ती फाइलच नसते, त्यामुळे चुकून चालू होण्याचा प्रश्न येत नाही.

तीन, बटण सगळ्या एक्सएफएस माउंटसाठी एकच आहे. खरे तर प्रत्येक माउंटला वेगळे बटण जास्त नीटस वाटते. पण चाचण्यांचा संच दर काही सेकंदांनी माउंट आणि अनमाउंट करत असतो. प्रत्येक वेळी नव्या माउंटचे बटण शोधून दाबायचे म्हटले तर संचात जागोजागी बदल करावे लागले असते. एक बटण, एकदा दाबले, पूर्ण संच त्या रीतीने चालला, ही सोय जास्त मोलाची ठरली. बदलाबरोबरच्या टिपणात हे कारण स्पष्ट लिहिले आहे.

चार, बटण सर्वांसाठी एक असले तरी त्याची किंमत माउंटच्या वेळीच वाचली जाते आणि त्या माउंटपुरती पक्की होते. चालू असलेल्या फाइल सिस्टिमवर मध्येच वागणूक बदलत नाही. अर्धे लेखन एका रीतीने आणि अर्धे दुसऱ्या रीतीने झाले, असा घोळ यामुळे टळतो.

पाच, माउंट होताच कर्नलच्या लॉगमध्ये एक ओळ येते: केवळ डीबगसाठीची ‘ऑलवेज काऊ’ पद्धत वापरात आहे. सहा महिन्यांनी कोणी बगची तक्रार पाठवली की लॉगमधली ही एक ओळ तासन्‌तासांचा शोध वाचवते.

सहा, डिस्कवरच्या आराखड्याला हातही लागलेला नाही. ज्या फाइल सिस्टिमवर रेफलिंकची, म्हणजे ब्लॉक सामायिक ठेवून प्रत करण्याची, सोय आधीच आहे तिथेच पर्याय चालतो, आणि बटण बंद करून पुन्हा माउंट केले की डिस्क नेहमीसारखी वाचता येते. डीबग पर्यायाने डिस्कवर नवी खूण उमटवली, तर तो पर्याय न राहता वेगळा आराखडा होतो आणि त्याचे ओझे कायमचे मानेवर बसते.

कोणते वचन मोडते ते आधीच लिहून ठेवा

वागणूक बदलली की जुनी काही वचने पाळता येत नाहीत. ‘ऑलवेज काऊ’मध्ये याचे ठळक उदाहरण जागा आधीच राखण्याचे आहे. प्रोग्राम फॅलोकेट कॉल करून म्हणतो: मला एवढी जागा आताच द्या, पुढे लिहिताना जागा संपली असे सांगू नका. पण प्रत्येक लेखन नव्या जागी होणार असेल, तर आधी दिलेली जागा उपयोगाचीच नाही. अशा वेळी खोटा होकार देण्यापेक्षा ‘ही सोय इथे नाही’ असे स्पष्ट सांगणे बरे. एक्सएफएसने तेच केले. या पद्धतीत तो कॉल नाकारला जातो.

काही चाचण्याही नापास होतात. टिपणात त्यांची यादी आहे आणि प्रत्येकीपुढे कारण आहे. तुकडे किती पडले हे मोजणाऱ्या चाचण्या तक्रार करतात, कारण सतत नव्या जागी लिहिले तर तुकडे पडणारच. एक्सएफएस गटातली २०५ क्रमांकाची चाचणी गृहीत धरते की जुन्या जागी पुन्हा लिहायला नवी जागा लागत नाही. तिथे ते गृहीतकच खोटे ठरते. ३२६ क्रमांकाच्या चाचणीत रेफकाउंटच्या कामात मुद्दाम दोष घातल्यावर फाइलमध्ये बदलच होत नाही, त्यामुळे अपेक्षित चेकसम जुळत नाही. तेही या पद्धतीत अपेक्षितच.

ही यादी करण्याची सवय लावून घ्या. पर्याय चालू करून चाचण्या चालवल्या, पंधरा नापास झाल्या आणि ‘डीबगमध्ये असे होतेच’ म्हणून सोडून दिल्या, तर सोळावी खरी बग त्याच ढिगात गाडली जाईल. प्रत्येक नापास चाचणीपुढे दोनपैकी एक शब्द लिहा: ‘अपेक्षित’ किंवा ‘बग’. ‘अपेक्षित’ लिहिले तर कारण एका वाक्यात सांगता आले पाहिजे. कारण सांगता येत नसेल तर ती बग धरा.

या कामाचा एक दूरचा लाभही झाला. झोन्ड डिस्कवर जुन्या जागी लिहिताच येत नाही. तिथे सरळ पुढेच लिहीत जावे लागते. २०१९ च्या टिपणातच अशा डिस्कचा उल्लेख पुढची शक्यता म्हणून होता. २०२५ मध्ये लिनक्स ६.१५ आवृत्तीत एक्सएफएसला झोन्ड डिस्कचा आधार मिळाला. नीट आखलेला डीबग पर्याय पुढच्या सोयीचा पाया ठरू शकतो, म्हणून तोही नेहमीच्या कोडइतक्याच काळजीने लिहावा.

दुसरा पर्याय : वेळ ताणणे

काही दोष वाट क्वचित चालते म्हणून दडत नाहीत. दोन वाटा एकाच क्षणी एकमेकींना छेदल्या तरच ते दिसतात. एका बाजूने लेखन सुरू आहे, त्याने नकाशा वाचला आहे. तेवढ्यात दुसऱ्या बाजूने जुना डेटा डिस्कवर उतरला आणि नकाशा बदलला. पहिल्याच्या हातात शिळा नकाशा उरतो. ही फट काही मायक्रोसेकंदांची असते. लॅपटॉपवर हजार वेळा चाचणी चालवूनही ती सापडेलच असे नाही; ग्राहकाच्या गजबजलेल्या सर्व्हरवर मात्र पहिल्याच आठवड्यात सापडते.

उपाय: फट रुंद करा. २०२२ च्या अखेरीस एक्सएफएसमध्ये अगदी याच जातीचा, शिळ्या नकाशामुळे डेटा बिघडवणारा दोष दुरुस्त झाला. त्याच सुमारास डॅरिक वाँग यांनी दोन बटणे बसवली. एकाने डेटा डिस्कवर उतरवण्याचे काम ठरावीक मिलिसेकंद थांबते, दुसऱ्याने लेखनाचे. फट सेकंदांत मोजण्याइतकी मोठी झाली की चाचणी दर वेळी तोच क्रम घडवू शकते, आणि दोष परत आला तर लगेच पकडला जातो.

विलंबाचे बटण बसवताना जागा नीट निवडा. नकाशा वाचल्यानंतर आणि तो वापरण्यापूर्वी, बदली सुरू होण्यापूर्वी, वाटेकरी कमी करण्यापूर्वी: या तीन जागा मला सर्वांत फलदायी वाटतात. लॉक धरून झोपू नका; तसे केल्यास दुसरी बाजू त्या लॉकपाशीच अडून राहील आणि जी टक्कर घडवायची होती तीच टळेल. जिथे खऱ्या आयुष्यात लॉक सुटलेला असतो, नेमका तिथेच विलंब घाला.

तिसरा पर्याय : ठरवून दोष घालणे

तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्यातल्या चुका बहुधा अपयशाच्या वाटेवर असतात. वाटेकरी कमी करताना एरर आली तर? बदलीच्या मध्यावर जागा संपली तर? हे आपोआप घडण्याची वाट पाहत बसू नका. एक्सएफएसमध्ये ठिकठिकाणी ‘एरर टॅग’ पेरलेले आहेत, त्यांत रेफकाउंटचे आणि नकाशा बदलण्याचेही आहेत. २०१७ पासून प्रत्येक माउंटसाठी सिसएफएसमध्ये त्यांच्या फाइली मिळतात. फाइलमध्ये संख्या लिहायची: १ लिहिले तर दर वेळी दोष, १०० लिहिले तर सरासरी शंभरातून एकदा, ० लिहिले तर बंद.

ही साधी संख्या फार कामाची आहे. एखादा दोष नेमका पुन्हा घडवायचा असेल तेव्हा १ वापरा. रात्रभर ताणाची चाचणी लावायची असेल तेव्हा मोठी संख्या वापरा, म्हणजे फाइल सिस्टिम बराच काळ चालते आणि अवचित जागी ठेचकाळते. इथे बटण प्रत्येक माउंटचे वेगळे आहे हेही लक्षात घ्या. दोष ज्या डिस्कवर घालायचा तिथेच पडावा आणि चाचणीचे निकाल साठवणारी शेजारची डिस्क सुखरूप राहावी, म्हणून. बटण सर्वांसाठी एक ठेवायचे की माउंटगणिक वेगळे, याचे उत्तर प्रत्येक पर्यायासाठी निराळे असू शकते. ते कोण आणि कसे वापरणार यावरून ठरवा.

चौथा पर्याय : मोकळी जागा तुकड्या-तुकड्यांची करणे

नव्या कोऱ्या डिस्कवर हवी तेवढी सलग जागा मिळते. दोन वर्षे वापरलेल्या डिस्कवर मिळत नाही. तिथे एक लेखन पाच तुकड्यांत वाटले जाते आणि बदलीचा कोड पाच वेळा फिरतो. चाचणीसाठी डिस्क दोन वर्षे म्हातारी करत बसणे शक्य नसते. बीटीआरएफएसमध्ये यासाठी ‘फ्रॅगमेंट’ हा माउंट पर्याय आहे. डेटा, मेटाडेटा किंवा दोन्हींसाठीची जागा तो मुद्दाम तुकड्यांत पाडतो, आणि तोही डीबग बांधणीतच ओळखला जातो. एफटूएफएसमध्येही तुकड्यांचे असेच सोंग घेणाऱ्या पद्धती विकासकांसाठी दिल्या आहेत. तुमच्या फाइल सिस्टिममध्ये हे करणे सोपे आहे: जागा देणाऱ्या फंक्शनला, कितीही मोठी मागणी आली तरी एकावेळी एक-दोन ब्लॉकच द्यायला लावा. सलग जागा मिळेल असे गुपचूप गृहीत धरणारा कोड पहिल्याच दिवशी उघडा पडेल.

पाचवा पर्याय : बंद करण्याची सोय

आतापर्यंतचे पर्याय कॉपी-ऑन-राइट वाढवणारे होते. ते थांबवणारे बटणही हवे. याचा धडा २०२३ च्या नोव्हेंबरात मिळाला. ओपनझेडएफएसची २.२.० आवृत्ती ऑक्टोबरमध्ये आली होती आणि तिच्यात ‘ब्लॉक क्लोनिंग’ ही सामायिक ब्लॉकवर प्रत करण्याची नवी सोय होती. काही लोकांना कॉपी केलेल्या फाइलींत मधेच शून्ये भरलेली आढळली. संशय स्वाभाविकच नव्या सोयीवर गेला. २.२.१ आवृत्तीत क्लोनिंग बंद-चालू करण्याचे बटण आले आणि ते मूळ ठरावाने बंद ठेवले गेले.

पण क्लोनिंग बंद असतानाही, आणि क्लोनिंग नसलेल्या जुन्या आवृत्तीतही, दोष पुन्हा घडवता येतो हे लोकांनी दाखवून दिले. मूळ कारण वेगळेच निघाले. फाइल नुकतीच बदलली आहे का हे पाहणारी तपासणी क्षणभर चुकीचे ‘नाही’ म्हणत होती. त्या क्षणी फाइलमधली पोकळी शोधणाऱ्या कॉपी प्रोग्रामला डेटाच्या जागी पोकळी दिसायची. २.२.२ आणि २.१.१४ आवृत्त्यांत ही तपासणी दुरुस्त झाली. बंद करण्याच्या बटणाची दोन्ही कामे इथे दिसतात: वापरणाऱ्याला तातडीचा आडोसा मिळतो, आणि तपास करणाऱ्याला ‘दोष इथे नाही’ हे लवकर कळते.

बंद करण्याच्या बटणाचा अर्थ मात्र काटेकोर लिहा. बीटीआरएफएसमध्ये डेटाचे कॉपी-ऑन-राइट बंद करता येते, पण त्याबरोबर त्या डेटाचे चेकसम आणि कॉम्प्रेशनही बंद होते. शिवाय स्नॅपशॉट घेतल्यावर त्या ब्लॉकवरचे पहिले लेखन नव्या जागीच होते. नाहीतर स्नॅपशॉट बिघडला असता. ‘बंद’ म्हणजे पूर्ण बंद असे वापरणाऱ्याने समजू नये, एवढी स्पष्टता दस्तऐवजात हवीच.

बटण खरेच दाबले गेले का?

पर्याय आखताना सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट ही. बटण चालू केले, सगळ्या चाचण्या पास झाल्या, आनंद झाला; आणि नंतर कळले की बटणाची किंमत कोणी वाचतच नव्हते. हे टाळण्यासाठी प्रत्येक पर्यायाबरोबर त्याचा परिणाम बाहेरून दाखवणारी एक छोटी चाचणी लिहा.

‘ऑलवेज काऊ’साठी ती अशी करता येते. व्हर्च्युअल मशीनमध्ये डीबग बांधणीचा कर्नल चढवा; रोजच्या कामाच्या लॅपटॉपवर थेट करू नका, कारण डीबग बांधणी शंका आली की मशीन थांबवू शकते. दोन गिगाबाइटची एक रिकामी फाइल तयार करून तिला लूप डिव्हाइस म्हणून जोडा, तिच्यावर एक्सएफएस बनवा, बटण चालू करा आणि मग माउंट करा. क्रम महत्त्वाचा आहे, किंमत माउंटच्या वेळीच वाचली जाते. आता एक मेगाबाइटची साधी फाइल लिहा, सिंक करा आणि फाइलफ्रॅग आदेशाने तिचे ब्लॉक क्रमांक टिपून ठेवा. मग त्याच फाइलच्या मधल्या चार किलोबाइटवर पुन्हा लिहा, सिंक करा आणि ब्लॉक क्रमांक परत पाहा. बटण बंद असताना क्रमांक बदलत नाहीत. चालू असताना बदललेल्या भागाचा क्रमांक वेगळा दिसतो. ही फाइल कोणाशीही सामायिक नव्हती, तरी ती हलली. म्हणजे बटण काम करते आहे.

दुसरा प्रयोग वचनाचा. फाइलची रेफलिंक प्रत करा. फाइलफ्रॅग आता तिच्या ब्लॉकपुढे सामायिक असल्याची खूण दाखवेल. मूळ फाइलचा चेकसम टिपा, प्रतीत चार किलोबाइट बदला, अनमाउंट करून पुन्हा माउंट करा आणि मूळचा चेकसम पुन्हा काढा; तो आधीचाच आला पाहिजे. पुन्हा माउंट करणे सोडू नका, नाहीतर तुम्ही डिस्कऐवजी मेमरीतली प्रत तपासत असाल.

तिसरा प्रयोग जागा संपण्याचा. डिस्क जवळजवळ भरा आणि जुन्या फाइलवर पुन्हा लिहायचा प्रयत्न करा. प्रत्येक लेखनाला नवी जागा लागणार असल्याने ‘जागा नाही’ ही एरर येऊ शकते. ती लिहिण्याच्या कॉललाच आली पाहिजे. प्रोग्रामला ‘लिहिले’ असे सांगून नंतर डेटा डिस्कवर उतरवताना जागा संपली, तर तो डेटा हरवला. म्हणूनच जागा आधी राखली जाते, आणि ही राखण खरी आहे का हे याच प्रयोगातून कळते.

यापुढे एक्सएफएसटेस्ट्सचा संच आहे. नाव एक्सएफएसचे असले तरी त्यातल्या सामाईक गटाच्या चाचण्या कोणत्याही लिनक्स फाइल सिस्टिमला लागू पडतात. आधी सगळे पर्याय बंद ठेवून संच चालवा आणि निकाल जपून ठेवा. मग एकेक पर्याय चालू करून चालवा, आणि शेवटी जोड्या लावा: ‘नेहमी नव्या जागी’ आणि ‘तुकडे’, ‘विलंब’ आणि ‘दोष’. पहिल्याच दिवशी सगळी बटणे एकदम दाबली तर चूक कोणामुळे झाली हे सांगता येणार नाही. क्रॅशच्या चाचणीसाठी डीएम-लॉग-राइट्स वापरा. डिस्कवर गेलेले प्रत्येक लेखन तो क्रमाने नोंदवतो, मग हव्या त्या क्षणी वीज गेल्यासारखी स्थिती उभी करून फाइल सिस्टिम सावरते का हे पाहता येते. बदलीच्या टप्प्यासाठी याहून चांगली परीक्षा मला माहीत नाही.

रिव्ह्यूला पाठवण्यापूर्वी

पर्याय तयार झाला की पाठवण्यापूर्वी हे प्रश्न स्वतःला विचारा.

नाव वाचून काय घडते ते कळते का? ‘ऑलवेज काऊ’ वाचताच कळते. ‘डीबग मोड ३’ वाचून काही कळत नाही.

मूळ ठरावाने तो बंद आहे का, आणि बंद असताना नेहमीच्या लेखनाच्या वाटेवर त्याचा भार जवळपास शून्य आहे का?

किंमत कधी वाचली जाते, ते दस्तऐवजात लिहिले आहे का? चालू माउंटवर बदलता येत असेल, तर मध्यावर बदलली तर काय होते याची चाचणी आहे का?

चालू असल्याची खूण लॉगमध्ये उमटते का?

डिस्कवरचा आराखडा जसाच्या तसा राहतो का? पर्याय बंद करून माउंट केल्यावर एफएससीके स्वच्छ निघतो का?

पाळता न येणारी वचने स्पष्ट नाकारली आहेत का?

अपेक्षित अपयशांची कारणांसह यादी जोडली आहे का, आणि बटण काम करते हे दाखवणारी चाचणी त्याच बदलात आहे का?

विद्यार्थ्यांना शेवटी एवढेच सांगेन. फाइल सिस्टिम लिहिणे हे फार मोठ्या लोकांचे काम आहे असे समजून मागे राहू नका. एक्सएफएस, बीटीआरएफएस आणि ओपनझेडएफएस या तिन्हींचा कोड आणि त्यामागची टिपणे कोणालाही वाचता येतात. सेमिस्टरच्या प्रकल्पासाठी नवी फाइल सिस्टिम अर्धवट लिहून सोडण्यापेक्षा, छोट्याशा शैक्षणिक फाइल सिस्टिममध्ये ‘प्रत्येक लेखन नव्या जागी’ हा एकच पर्याय नीट बसवा आणि वरचे तीन प्रयोग त्याच्यावर करा. जागा राखणे, बदली, वाटेकऱ्यांचा हिशेब, क्रॅशनंतरची आवराआवर हे सगळे त्या एका बटणामागे तुम्हाला स्वतःच्या हाताने उलगडावे लागेल. ज्यांनी ते एकदा केले, त्यांच्या हाती लोकांचा डेटा निर्धास्तपणे सोपवता येईल.